तोड नाही तर घर नाही

सुंदरम्माला मी अव्वाच म्हणायचे, कानडीत अव्वा म्हणजे आई, त्यामुळे तिच्याबद्दल लिहिताना 'त्या' करायला गेले की हात अडखळतो. वयानं ती माझ्याहून चांगली वीसेक वर्षांनी मोठी. तिनं मात्र मला कायम 'बाई' आणि 'तुमी' म्हटलं, कारण मी महापालिकेच्या शाळेत शिकवायचे आणि शिकवणाऱ्या माणसाला अगंतुगं करणं तिला पटत नसे. भांडतानासुद्धा ती मला 'तुमी'च म्हणायची. आम्ही भांडायचोही पुष्कळ, बहुतेक वेळा सोंगट्यांवरून.

सोलापुरात बाळीवेशीच्या आतल्या एका बोळात आमची घरं समोरासमोर होती. तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. रागावली की कानडी, देवाशी बोलायची तेव्हा कानडी, आणि उरलेल्या जगाशी मराठी असा तिचा कारभार होता. नवरा भीमाशंकर एका पेढीवर मुनीम होता. मुलगा पाळण्यात असतानाच तो गेला. दिरांनी वाटणीत तिला बोळातली दीड खोली दिली आणि आपण फार केलं अशा समाधानात ते गप्प झाले. सुंदरम्मानं त्या दीड खोलीत चूल मांडली आणि कडक भाकऱ्या करून विकायला सुरुवात केली.

बाहेरगावच्या वाचकाला सांगायला हवं की कडक भाकरी म्हणजे शिळी भाकरी नव्हे. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, नेहमीसारखी भाजायची आणि मग मंद आचेवर फडक्यानं दाबत दाबत पार कोरडी करायची. नीट जमली तर ती महिनाभर टिकते आणि मोडली की कट्‌कन आवाज होतो. सुंदरम्माच्या भाकरीला खानावळवाले यायचे, प्रवासाला निघालेले यायचे, पुण्या-मुंबईला पोरं शिकायला ठेवलेल्या आया यायच्या. एवढ्यावर तिनं सिद्धारामला वाढवलं, शिकवलं, आणि तो पुण्याजवळ पिंपरीला एका कारखान्यात फिटर म्हणून लागला. उपकार कुणाचे घेतले नाहीत. तिला कुणी काही फुकट देऊ केलं तर ती 'बेडा' म्हणायची, म्हणजे नको, आणि ते अशा सुरात की देणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं व्हावं.

वर्षातून एकच दिवस तिची चूल थंड असायची, तो नागपंचमीचा. पंचमीला तवा ठेवायचा नाही, काही चिरायचं नाही, असा आमच्याकडे रिवाज. बाकीच्या बायका त्या दिवशी उकडीचं करून फेर धरायच्या, झोके घ्यायच्या. सुंदरम्मा सकाळीच अंघोळ करून, वारुळाला दूध घालून, ओट्यावर सोंगट्यांचा पट अंथरायची आणि "या कोण येणार ते" अशा नजरेनं बोळाकडे बघत बसायची. वर्षभराची सुट्टी ती एका दिवसात वसूल करत असे.

सोंगट्या आता कुणी खेळत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. कापडाचा पट अधिक चिन्हासारखा असतो, त्याला चार हात. चौघं खेळायला बसतात, समोरासमोरचे दोघं भिडू. प्रत्येकाच्या चार सोंगट्या. सहा कवड्या टाकायच्या, जितक्या उताण्या पडतील तितकी घरं चालायचं, सगळ्या पटाला वळसा घालायचा आणि आपल्या हाताच्या मधल्या वाटेनं मध्यावरच्या घरात शिरायचं. वाटेत फुल्या काढलेल्या असतात, फुलीवर बसलेल्याला धक्का नाही. पण फुलीबाहेर एकट्या उभ्या असलेल्या सोंगटीवर समोरच्याची सोंगटी बरोबर येऊन पडली की ती मेली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. असं मारणं म्हणजे तोड. दोन्ही भिडूंच्या आठही सोंगट्या ज्यांच्या आधी घरात जातील ते जिंकले.

सुंदरम्माच्या ओट्यावर एक पद्धत होती, ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. पहिली कवडी पडण्याआधी ती नियम मोठ्यानं म्हणायची आणि प्रत्येकानं 'व्हय' म्हणायचं. नियम तीनच, तिच्या सासूनं घालून दिलेले. फुलीवर मार नाही. हात सोडल्यावर सोंगटी परत नाही. तोड नाही तर घर नाही. या तिसऱ्याचा अर्थ असा की ज्यानं एकही सोंगटी मारली नाही त्याला घरात शिरता येत नाही, त्यानं दाराशी थांबायचं नाहीतर पटाला पुन्हा वळसा घालायचा. इतकी वर्षं आम्ही सगळेच नियम ऐकत आलो, 'व्हय' म्हणत आलो, आणि त्यात एक भलं मोठं भोक आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

ते लक्षात आलं एकाहत्तर सालच्या पंचमीला. त्या वर्षी सिद्धाराम बायकोला, कमलम्माला, घेऊन आला होता. कमलम्माचं माहेर मंद्रूपचं, तिला तिकडे पोचवून परत जायचं म्हणून आधी दोन दिवस आईकडे. लग्नाला दोन वर्षं झाली होती. मुलगी बोलायला कमी, आणि बोललीच तर हळू, त्यामुळे बोळातल्या बायकांनी तिच्याबद्दल आपापली मतं परस्पर बनवून टाकली होती. त्यातलं मुख्य मत असं की तिला सासू पुण्यात नको आहे.

आणि सासूला पुण्यात न्यायचं हेच तर सिद्धारामनं मनावर घेतलं होतं. दर खेपेला तोच विषय. त्याला क्वार्टर मिळाली होती, नळ घरात होता, आता आईनं चुलीपुढे बसायची गरज नव्हती. सुंदरम्मा एकदा जाऊन राहून आली होती. तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं आणि करायला काही नव्हतं, सकाळी उठून हात मांडीवर ठेवून बसायचं, असं ती मला सांगायची, तेव्हा तिच्या आवाजात भीती असायची. तिला मी एरवी कशाला भिताना पाहिलेलं नाही. भाकऱ्या थापणं हे तिच्या दृष्टीनं कष्ट नव्हते, ते तिचं स्वतःचं राज्य होतं. मुलाचं म्हणणंही खोटं नव्हतं. आदल्या महिन्यात ती चुलीपुढे चक्कर येऊन पडली होती, परात लागून कपाळ फुटलं होतं, आणि ते त्याला दुसऱ्याच कुणाकडून कळलं होतं.

त्या दिवशी पट अंथरला, चौघं बसलो. मी आणि सुंदरम्मा भिडू, समोर सिद्धाराम आणि कमलम्मा. पंच म्हणून तिचा चुलतदीर चनबसप्पा, ज्याचं कोपऱ्यावर पानाचं दुकान होतं आणि ज्याला पंच होण्यापेक्षा पान खाण्यात जास्त रस होता. सुंदरम्मानं तीन नियम म्हटले, आम्ही 'व्हय' म्हटलं. मग ती मुलाकडे वळली.

"सिद्धा, रोज रोजची कटकट नको. मी हरले तर बोचकं बांधून तुझ्याबरुबर येते. जिंकले तर पुन्हा मला पुण्याला चल म्हनून विचारायचं न्हाय. कदीच. दे शब्द."

सिद्धाराम तिचाच मुलगा. त्यानं क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि शब्द दिला. आयुष्याचा निकाल कवड्यांवर लावायचा हा काय प्रकार, असं मी म्हणूनही पाहिलं, पण तोवर तिनं कवड्या हातात घेतल्या होत्या.

दुपारभर डाव चालला. माझ्या कवड्यांना त्या दिवशी काय झालं होतं कुणास ठाऊक, मागेन ते पडत होतं. मी सिद्धारामच्या दोन सोंगट्या मारल्या आणि चहाच्या वेळेपर्यंत माझ्या चारही घरात बसल्या. सुंदरम्माचं उलट झालं. ती फुलीवरून फुलीवर जपून चालली, एकही सोंगटी गमावली नाही, पण मारायची संधीही तिला आली नाही. शेवटी तिच्या चारही सोंगट्या वळसा पूर्ण करून दाराशी येऊन थांबल्या. आत शिरायचं तेवढं बाकी होतं, आणि तोड झालेली नव्हती. समोर सिद्धारामच्या दोन आणि कमलम्माच्या दोन अजून बाहेर होत्या, आणि सुरुवातीलाच माझ्या सोंगट्या मारून त्या दोघांच्याही तोडी झाल्या होत्या.

"तोड माझी झालीये की," मी म्हटलं. आमच्या गावी, करकंबला, आम्ही असंच खेळायचो. भिडू एक, डाव एक, मग एकानं तोड केली की दोघांना दार उघडं. नियमात कुणाची तोड ते कुठे सांगितलंय? तोड नाही तर घर नाही, एवढंच तर म्हटलंय. तोड झालेली आहे, तेव्हा घर आहे.

मी हे बोलले आणि ओट्यावर गडबड उडाली. सुंदरम्मा म्हणाली की तिच्या सासरी ज्याची तोड त्यालाच घर. मी विचारलं की असा डाव कधी अडला होता का, तर नव्हता. आजवर खेळलेल्या सगळ्या डावांत प्रत्येकाची एखादी तोड होऊनच जायची, त्यामुळे हा प्रश्न कधी उभाच राहिला नव्हता. आम्ही शेजारी शेजारी बसून दोन वेगळे खेळ खेळत होतो, आणि ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

चनबसप्पानं पान एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं आणि निकाल दिला. नियमात सांगितलेलं नाही, तर मग आत जाणाऱ्याला जाऊ द्यावं. त्याला वहिनी बोळात हवी होती, हे त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं. पलीकडच्या ओट्यावरच्या बायकांनीही माना डोलावल्या. सिद्धाराम खाली बघत होता. तो म्हणाला, पंचांनी सांगितलं ते मला मान्य आहे. आणि मग इतका वेळ गप्प असलेली कमलम्मा सासूकडे बघत हळूच म्हणाली, "अत्तींना जाऊ द्या की आत."

बायकांनी एकमेकींकडे बघून ओठ मुडपले. बघा, सासू नकोच आहे हिला. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं.

आता सगळं सुंदरम्माच्या बाजूनं होतं. पंच, भिडू, समोरचे दोघं, सगळा बोळ. कवड्या टाकायच्या आणि आत शिरायचं, जन्मभर कुणी तिला पुण्याला चल म्हणणार नव्हतं. तिनं कवड्या खाली ठेवल्या.

"हा नियम कशाला केला आसंल?" तिनं मलाच विचारलं. मी शिकवणारी, मी काहीतरी सांगेन म्हणून ती थोडं थांबलीही. मग म्हणाली, "घरला जायचं तर वाटेत कुणाशी तरी भिडायला लागतंय, म्हनून. न्हायतर माझ्यावानी फुलीवरनं फुलीवर उड्या मारत कुनीबी आत जाईल की. तुमी भिडलात, तुमी आत गेलात. मी कुटं भिडले? ज्याची त्यानं करायची, बाई."

मला राग आला. म्हणजे मी तिच्यासाठी वकिली करतेय आणि ही फिर्यादीच्या बाजूनं बोलतेय. मी तिला तोंडावर म्हटलं की तुला पुण्याला जायचंच असेल तर सरळ सांग, आमची दुपार कशाला फुकट घालवतेस. तिनं दाराशी उभ्या असलेल्या चारांतली एक सोंगटी उचलली आणि पुन्हा बाहेरच्या वाटेला लावली. ती पटाला दुसरा वळसा घालून शिकार शोधणार होती. एकदा तोड झाली की चौघींनाही दार उघडं, पण तोवर समोरच्यांच्या चार सोंगट्या काही झोपून राहणार नव्हत्या.

पुढच्याच फेरीत सिद्धारामनं जे केलं ते सगळ्यांना दिसलं. त्याला फुली गाठता येत होती. ती सोडून त्यानं दुसरीच सोंगटी चालवली आणि आपली एक सोंगटी आईच्या पुढे तीन घरांवर उघडी ठेवली. सुंदरम्मानं कवड्या टाकल्या, बरोबर तीन पडले. चनबसप्पाचा हात आपोआप टाळीसाठी वर गेला.

तिनं ती सोंगटी मारली नाही. दाराशी उभी असलेली दुसरी सोंगटी तिनं उचलली, तीन घरं पुढे नेऊन फुलीबाहेर उघड्यावर ठेवली आणि मुलाकडे बघितलं.

"मार म्हनून पुढं केलेली मी मारत न्हाय. नीट खेळ. न्हायतर ऊठ."

सिद्धारामचा चेहरा लाल झाला. लहानपणी चुकीचं गणित पुसून टाकायला लावल्यावर व्हायचा तसा. त्यानंतर तो असा खेळला की बस. पहिल्याच फेकीत त्यानं आईची ती उघडी सोंगटी मारली. म्हणजे आता तिला ती सुरुवातीपासून आणायची होती. ती "आता कसं" म्हणून चक्क हसली. मला मात्र हसू येत नव्हतं. मी मनातल्या मनात तिची भांडी मोजत होते, कुठली पुण्याला नेईल, कुठली मला ठेवायला देईल.

थोड्या वेळात सिद्धारामच्या दोन्ही आत गेल्या. कमलम्माची एक आत गेली, एक राहिली, तीही घराच्या वाटेला लागायच्या बेतात. सुंदरम्माची हिंडणारी सोंगटी तिच्या मागून पाच घरांवर येऊन ठेपली होती. पाच पडले तर तोड, नाहीतर कमलम्मा पुढच्या फेकीला आत, डाव संपला, बोचकं बांधायचं. सुंदरम्मानं कवड्या दोन्ही हातांत खळखळवल्या नाहीत, फुंकर मारली नाही, देवाचं नाव घेतलं नाही. नुसत्या टाकल्या. पाच कवड्या उताण्या, एक पालथी.

तिनं सुनेची सोंगटी उचलून तिच्या हातात दिली. कमलम्मानं ती घेतली आणि मान हलवली, रागानं नव्हे. त्यानंतर बिचारीला सगळा पट पुन्हा चालायचा होता. तोवर सुंदरम्माच्या दाराशी थांबलेल्या आत गेल्या, हिंडणारी आत गेली, आणि दिवेलागणीच्या सुमाराला ती मेलेली सोंगटीसुद्धा पटभर फिरून आत गेली. आम्ही जिंकलो. सिद्धाराम आईच्या पाया पडला आणि दुसऱ्या दिवशी पुण्याबद्दल चकार शब्द न काढता निघून गेला.

त्यानं शब्द पाळला, हेच तर पुढचं दुखणं झालं.

पहिली वर्षं सुंदरम्मा खुशीत होती. मुलगा दिवाळीला यायचा, संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला यायचा, साखर-पत्ती आणायचा, ओट्यावर बसून गप्पा मारायचा आणि जायचा. ती मला डोळा घालून म्हणायची, बघा, विचारत न्हाय. मग तिची छाती भरायला लागली. इतक्या वर्षांचा चुलीचा धूर आत साठला होता. सत्त्याहत्तरच्या थंडीत तिला धाप लागून दवाखान्यात न्यावं लागलं, आणि डॉक्टरांनी निक्षून सांगितलं की आता चुलीपुढे बसायचं नाही. तिनं दोनदा ऐकलं नाही, तिसऱ्यांदा मीच तिची लाकडं उचलून माझ्या घरी आणली. भाकऱ्या बंद झाल्या. ज्या भीतीपायी तिनं पुणं नाकारलं होतं, ती बाळीवेशीतच तिच्याकडे चालत आली. सकाळी उठून हात मांडीवर ठेवून बसणं.

मी जेवण द्यायचे ते ती घ्यायची, पण ते तिच्या घशाखाली किती कष्टानं उतरतंय हे मला दिसायचं. तिचं बोलणं आता पुण्याभोवती फिरायला लागलं. सिद्धाच्या क्वार्टरला गॅस आलाय म्हणे. नातू चालायला लागलाय म्हणे. मी ओळखलं. मी सरळ विचारलं की अव्वा, सिद्धारामनं आता विचारलं तर जाशील का. ती लुगड्याच्या पदराची सुतं काढत बसली.

"विचारू दे की. मग बघू."

तो विचारत नव्हता. महिन्याला यायचा, औषधं आणायचा, आईचे पाय चेपायचा, आणि परतीच्या गाडीला जायचा. एकदा मी त्याला बोळाच्या तोंडाशी गाठलं आणि फैलावर घेतलं. तुझी आई झिजतेय, दिसत नाही का तुला? तो भिंतीला टेकून उभा राहिला. म्हणाला, बाई, सगळ्यांनी दार उघडून दिलं तरी ती आत गेली नाही हे तुम्ही बघितलंय. मी उघडी ठेवलेली सोंगटी तिनं मारली नाही. आता मी शब्द मोडला तर ती माझं तोंड बघेल का? तिनंच म्हणू दे, सोडला तुला शब्दातनं, की मी आत्ता गाडी आणतो.

मी तशीच उलट पावली तिच्याकडे गेले आणि म्हटलं, सोड त्याला. तिनं माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की जणू मी तिला चोरी करायला सांगत होते. "मी जिंकलेली हाय, बाई," ती म्हणाली. "जिंकलेल्या मानसानं हात पसरायचा व्हय?"

मला दोघांचाही संताप आला, आणि दोघांसाठीही माझा इतका जीव तुटत होता की रात्री मला जेवण गेलं नाही. आई आणि मुलगा एका दाराच्या दोन बाजूंना उभे होते आणि कडी कुणीच काढत नव्हतं. त्या तीन नियमांना मी मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या. शाळेत शिकवताना मी मुलांना सांगायचे की दिलेला शब्द पाळावा. त्या वर्षी तो धडा मी घाईघाईनं उरकला.

पुढच्या पंचमीला सिद्धारामला रजा मिळाली नाही. कमलम्मा माहेरी मंद्रूपला आली होती, तिथून ती पोराला कडेवर घेऊन एकटीच मोटारीनं सोलापूरला आली. पुरण भरून उकडलेल्या दिंडांचा डबा तिनं सासूपुढे ठेवला, पोराला माझ्या मांडीवर दिलं आणि पदर खोचून खाली बसली. पट अंथरलेला नव्हता. त्या वर्षी सुंदरम्माला बसवत नव्हतं, ती भिंतीला टेकून पडली होती.

"अत्ती, पुण्याला चला," कमलम्मा म्हणाली.

सुंदरम्मानं डोळे उघडले. तिच्या चेहऱ्यावर आधी काय आलं ते मी सांगू शकते, कारण मी तिच्याकडेच बघत होते. आधी आनंद आला. मग तिनं तो मागे घेतला.

"तुझ्या नवऱ्यानं शब्द दिलाय. विचारायचं न्हाय आसं ठरलंय."

"त्यांनी दिलाय. मी कुटं दिलाय?"

"नवरा-बायको येकच की गं."

"भिडूबी येकच होते की, अत्ती. तुमीच म्हनाला, ज्याची त्यानं करायची. त्यांचा शब्द त्यांच्यापाशी. मी माझं विचारतीया."

सुंदरम्मा तिच्याकडे बघतच राहिली. मग तिनं माझ्याकडे बघितलं. चनबसप्पा आदल्या वर्षी वारला होता, त्यामुळे पंच म्हणून आता मीच उरले होते. मी म्हटलं, नियमाप्रमाणे तिचं बरोबर आहे.

सुंदरम्मा हात टेकून उठून बसली. तिला धाप लागली, ती ओसरेपर्यंत कमलम्मा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. श्वास जागेवर आल्यावर तिनं सुनेला एक गोष्ट विचारली, जी इतकी वर्षं बोळातल्या प्रत्येकीच्या मनात होती आणि बहुधा तिच्याही.

"त्या पंचमीला मला आत जाऊ द्या म्हनालीस. मी तुझ्याकडं यायला नको म्हनून का?"

कमलम्मानं नकारार्थी मान हलवली. "तुमाला हितं ऱ्हायचं होतं म्हनून, अत्ती."

मग सुंदरम्मानं सुनेच्या खांद्यावर हात ठेवला, जोर दिला, आणि उभी राहिली. पेटी खाली घ्या म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती सुनेबरोबर गेली, तवा आणि परात बरोबर घेऊन, कारण गॅसला धूर नसतो याची तिनं कमलम्माकडून तीनदा खात्री करून घेतली होती. मी तार केली होती, त्यामुळे सिद्धाराम पुणे स्टेशनावर उभा होता. त्यानं आईला काही विचारलं नाही, तिनंही काही सांगितलं नाही, दोघं नुसते एकमेकांना धरून रडले असं कमलम्मानं मला पुढे भेटल्यावर सांगितलं.